टचपॅड बंद करायचं कसं, आणि बंद झालंय हे कळायचं कसं?

स्क्रीनरीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) काम करणाऱ्या दृष्टिहीन वाचकांचे लॅपटॉपच्या टचपॅडविषयीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरं विंडोज 11 आणि एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर धरून आहेत. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट, किंवा तुम्ही तशी सेटिंग केली असेल तर कॅप्स लॉक.

प्रश्न : बँकेत अर्ज भरताना अक्षरं मधूनच भलत्या रकान्यात जातात. कधी सगळ्या खिडक्याच गायब होतात, कधी वेबसाइटचं पान अचानक वेगळंच वाटतं. कीबोर्ड बिघडलाय का? लॅपटॉप बँकेचा आहे, अ‍ॅडमिन पासवर्ड माझ्याकडे नाही. (बँक कर्मचारी, सातारा)

कीबोर्डवर संशय घेण्याआधी तळहाताकडे बघा. अंगठ्याखालचा मांसल भाग टचपॅडला लागला की विंडोज त्याला टॅप समजतं, म्हणजे क्लिक होतं आणि फोकस (टाइप केलेलं जिथे उमटतं ती जागा) माउसचा बाण असेल तिथे उडी मारतो. डोळस माणसाला बाण हललेला दिसतो. तुम्हाला कळतं ते दोन ओळी भलतीकडे टाइप झाल्यावर. तीन बोटं खाली सरकली की डेस्कटॉप समोर येतो, तीन बोटांचा टॅप झाला की सर्च उघडतो. पान वेगळं वाटण्याचं कारण बहुधा झूम. दोन बोटं फाकली गेली की ब्राउझरमध्ये झूम वाढू शकतो, आणि काही लॅपटॉपवर, विशेषतः जुन्या, त्याने पानाची मांडणीही बदलते. असा झूम फार वाढला की बऱ्याच वेबसाइट मोबाइलची मांडणी घेतात आणि ओळखीच्या लिंकांच्या जागी एकच 'मेनू' बटण उरतं. असं झालं तर कंट्रोल आणि शून्य दाबा, झूम 100 टक्क्यांवर येतो.

आता कायमचा उपाय. विंडोज की दाबून इंग्रजीत टचपॅड टाइप करा, 'टचपॅड सेटिंग्ज' ऐकू आलं की एंटर. टॅबने पहिल्या स्विचवर या, 'ऑन' ऐकू येईल, स्पेस दाबून ऑफ करा. ही सेटिंग तुमच्या खात्यापुरती असते. बँकेने सेटिंग्जच कुलूपबंद केली नसतील तर अ‍ॅडमिन पासवर्ड लागत नाही.

पण त्याच लॅपटॉपवर डोळस सहकारी किंवा आयटीवाले बसत असतील तर मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. स्विच ऑनच ठेवा, त्याला लागून असलेला भाग उघडा आणि 'लीव्ह टचपॅड ऑन व्हेन अ माउस इज कनेक्टेड' या चौकटीची खूण काढा. मग वायरलेस माउसचा इवलासा यूएसबी रिसीव्हर लावला की टचपॅड बंद, काढला की चालू. माउस स्वतः ड्रॉवरमध्ये पडला तरी चालतो, विंडोजला रिसीव्हर दिसला की पुरे. माउसच्या पोटाखालचं बटण मात्र बंद ठेवा, नाहीतर ड्रॉवरच्या धक्क्याने बाण फिरत बसेल.

जुन्या लॅपटॉपवर, जिथे सिनॅप्टिक्स किंवा एलानचा ड्रायव्हर आहे, ही चौकट सेटिंग्जमध्ये सापडत नाही. ती माउस प्रॉपर्टीजमध्ये त्या कंपनीच्या नावाच्या टॅबवर असते. 'डिसेबल इंटर्नल पॉइंटिंग डिव्हाइस' असे शब्द ऐकू आले की तिथे खूण करा.

डिव्हाइस मॅनेजरमधून टचपॅड डिसेबल करण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्याला अ‍ॅडमिन हक्क लागतात, त्या यादीत एकसारख्या नावांची उपकरणं ओळीने असतात, आणि ड्रायव्हर अपडेट झाला की टचपॅड पुन्हा जागं होऊ शकतं. वरचे दोन मार्ग फसले तरच तिकडे वळा.

प्रश्न : एनव्हीडीए की आणि एम दाबल्यापासून टचपॅडला हात लागला तरी आवाज येत नाही. म्हणजे ते बंद झालं ना? (विद्यार्थिनी, नांदेड)

नाही. त्या कळांनी फक्त बाणाखालचा मजकूर बोलणं थांबतं. बाण हलतो, क्लिकही होतं, तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच. हे उलट जास्त धोक्याचं.

प्रश्न : फंक्शन की आणि वरच्या रांगेतलं बटण दाबून टचपॅड बंद करतो, पण चालू झालं की बंद ते कळत नाही. (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

हे बटण कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलतं, आणि बऱ्याच लॅपटॉपवर बदलाची खूण म्हणजे पडद्यावरचं चित्र किंवा बटणावरचा दिवा. स्क्रीनरीडर त्यातलं काही सांगेलच असं नाही. काही जुन्या एचपी लॅपटॉपवर तर टचपॅडच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर दोनदा टॅप झालं तरी ते चालू-बंद होतं, म्हणजे नकळतही.

खात्री कानाने करता येते. एनव्हीडीए की, कंट्रोल आणि एम एकत्र दाबा, माउसची सेटिंग्ज उघडतील. 'इनेबल माउस ट्रॅकिंग'वर खूण आहे ना ते बघा (एनव्हीडीए की आणि एम ने ती निघते, मग बीपही येत नाहीत), 'प्ले ऑडिओ कोऑर्डिनेट्स व्हेन माउस मूव्ह्ज' या चौकटीवर खूण करून ओके करा. आता टचपॅडवर बोट फिरवा. बीप आले तर ते चालू आहे: बाण वर गेला की सूर चढतो, डावीकडे गेला की आवाज डाव्या कानात सरकतो. काहीच आलं नाही तर बंद. ही चौकट तशीच राहू द्यायला हरकत नाही. टचपॅड कधी चुकून चालू झालंच तर पहिल्या स्पर्शाला बीप कानावर येईल.

प्रश्न : चार्जर लावला की बाण आपोआप पळतो. काढला की सगळं ठीक. (वाचक, पणजी)

आधी अर्थिंग तपासा. टचपॅड बोटामुळे होणारा विद्युतभारातला अगदी बारीक फरक मोजतं. अर्थिंग नसेल तर चार्जरमधला विजेचा गोंगाट लॅपटॉपच्या बॉडीत उतरतो आणि टचपॅडला तो स्पर्शासारखा वाटतो. धातूच्या बॉडीवरून हलकेच बोट फिरवल्यावर मुंग्या येत असतील तर कारण जवळजवळ नक्की हेच. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावू नका, वेगळ्या खोलीतलं सॉकेट वापरून बघा, आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. चार्जर मुळातच दोन पिनांचा असेल तर कंपनीचा अस्सल दुसरा चार्जर लावून फरक पडतो का ते पाहा.

चार्जर काढूनही त्रास राहिला, शिवाय टचपॅडचं क्लिक दबत नसेल किंवा दबलेलंच राहत असेल, तर एक पट्टी टचपॅडवर आडवी ठेवा. ती डुगडुगली, म्हणजे टचपॅड मधून वर आलंय. बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याच्या खालीच बॅटरी असते आणि ती फुगली की पॅडला वर ढकलते. लॅपटॉप लगेच बंद करा, चार्ज करू नका, पॅड दाबून सपाट करायला जाऊ नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा. टचपॅडच्या तक्रारींत अजिबात थांबू नये अशी ही एकच.

प्रश्न : फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीनरीडर) वापरतो तसं टचपॅडवर बोट फिरवून पडदा वाचता येईल का? (वाचक, नाशिक)

विंडोजवर नाही. एनव्हीडीएच्या स्पर्शखुणा टचस्क्रीनवर चालतात. टचपॅड 'बोट किती सरकलं' एवढंच माउससारखं कळवतं, पडद्यावरची नेमकी जागा नाही. मॅकवर व्हॉइसओव्हर या स्क्रीनरीडरमध्ये मात्र सोय आहे: कंट्रोल आणि ऑप्शन धरून दोन बोटं घड्याळाच्या दिशेने फिरवली की ट्रॅकपॅड कमांडर सुरू होतो, उलट फिरवली की बंद.

प्रश्न : टचपॅड बंद केलं, पण एका साइटवरचं बटण एंटरला दाद देत नाही. क्लिक कसं करू? (वाचक, पुणे)

आधी स्पेस दाबून बघा. नाही जमलं तर बटणावर येऊन एनव्हीडीए की, शिफ्ट आणि एम दाबा, बाण तिथे येईल. मग एनव्हीडीए की आणि डावा चौकटी कंस दाबा, क्लिक होईल. या कळा एनव्हीडीएच्या लॅपटॉप कीबोर्ड मांडणीच्या आहेत. डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए की आणि नंबर पॅडवरचं भागाकाराचं चिन्ह, मग नुसतं तेच चिन्ह. जॉज हा दुसरा स्क्रीनरीडर वापरत असाल तर इन्सर्ट आणि नंबर पॅडचं वजाबाकीचं चिन्ह, मग भागाकाराचं. हे क्लिक सॉफ्टवेअरमधून होतं, त्यामुळे टचपॅड बंद असण्याने अडत नाही.