टॅली, ते हिशोबाचं सॉफ्टवेअर, शिकवायला घेतोयस ना, मग हे ऐक

हे बघ, पहिल्याच दिवशी पोरांकडून एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट असली कीबोर्डची बटणं पाठ करून घेऊ नकोस, निम्मी तिथेच घाबरतात. एंट्री चुकली तर सगळं उडेल असं वाटतं त्यांना, माझ्या नाशकातल्या बॅचमधली एक मुलगी तर एंटरवर बोट ठेवून नुसती माझ्याकडे बघत बसायची. मग मी तिला पिंपळगाव मार्केटची कांद्याची हिशोबपट्टी दिली, आधी वहीत नावे-जमा लिहायला लावलं मगच स्क्रीनवर, आणि एक एंट्री मुद्दाम चुकवून तिच्यासमोर दुरुस्त केली. फ्रेड डेव्हिस नावाच्या संशोधकाने १९८९ लाच मांडलंय, उपयोगी आणि सोपं वाटलं की माणूस टेक्नॉलॉजी स्वीकारतो. आणि हो, सरावाला टॅलीतच वेगळी कंपनी, म्हणजे हिशोबाची वेगळी फाइल, बनवून दे, तिथे बिनधास्त चुकू देत.