बर्मेस्टर की बोस? साडेसहा लाखांच्या आवाजाचा हिशोब

फोंड्याहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५३, कुंडई औद्योगिक वसाहतीत पॅकेजिंगचं युनिट, मुलगी बारावीला. मुंबईच्या शोरूममधून त्यांनी पोर्शे ९११ करेरा बुक केली आहे. निम्म्याहून जास्त पैसे स्वतःचे, ७० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी. गाडीत कोणती साउंड सिस्टिम हवी ते पंधरा दिवसांत कळवायचं आहे. त्यांच्या कोटेशननुसार साधी सिस्टिम मूळ किमतीतच येते, बोसचे १ लाख ९० हजार आणि बर्मेस्टरचे ६ लाख ५० हजार पडतात. ते लिहितात, "शोरूममध्ये बर्मेस्टरवर अभिषेकीबुवांचं नाट्यपद लावलं आणि अंगावर काटा आला. हे पैसे कर्जात वाढवून घेऊ, की मुलीच्या शिक्षणासाठी डेट फंडात ठेवलेत त्यातून काढू? गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर काही वाचेल का?"

नमस्कार.

सगळ्यात आधी गाडीबद्दल मनापासून अभिनंदन. युनिट उभं करून, कामगारांचे पगार कधी न चुकवता, इतक्या वर्षांनी तुम्ही स्वतःसाठी काही घेताय. ते घ्यावं की नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही आणि मीही त्यात शिरणार नाही. साडेसहा लाख वीस वर्षं म्युच्युअल फंडात ठेवले तर किती होतील, हे गणितही मी मांडणार नाही. त्या गणितापुढे तुमची गाडीच काय, माणसाची कुठलीच हौस टिकत नाही. प्रश्न एवढाच आहे की गाडी घ्यायचीच आहे, तर त्यातल्या आवाजावर किती खर्च करणं शहाणपणाचं.

माझं उत्तर: बोस घ्या, बर्मेस्टर सोडा. आणि पैसे कर्जातूनही नकोत, मुलीच्या फंडातून तर मुळीच नकोत.

आता कारणं सांगतो. तुमच्या पत्रातल्या दोन ओळींवरच माझा बराचसा हिशोब उभा आहे. एक, "पावसात गाडी काढणार नाही, चवथीनंतरच बाहेर निघेल. वर्षाला चार हजार किलोमीटर झाले तरी खूप." दुसरी, "रविवारी सकाळी सहाला मोलेंमार्गे अनमोड घाट चढायचा, काच खाली करून इंजिन ऐकायचं." म्हणजे या गाडीतलं तुमचं आवडतं संगीत मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं आहे, आणि त्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेत.

आपल्या रस्त्यांवर सरासरी ताशी ४० किलोमीटर धरू. फोंडा ते पणजी संध्याकाळच्या गर्दीत कधीकधी तेवढंही पडत नाही. चार हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला १०० तास झाले. त्यातले निम्मे इंजिनाचे, निम्मे गाण्यांचे. पाच वर्षांत गाणं ऐकण्याचे २५० तास. साडेसहा लाख भागिले २५० म्हणजे ताशी २,६०० रुपये. हेच पैसे कर्जात घातले तर महिन्याचा हप्ता साधारण साडेतेरा हजारांनी वाढतो आणि पाच वर्षांत ८ लाख १० हजारांच्या आसपास जातात. मग तोच तास सव्वातीन हजारांच्या जवळपास पडतो. बोसचा तास ७६० रुपयांचा. तुम्ही दर महिन्याला मुंबईला किंवा बेंगळुरूला गाडीने जाणारे असता, वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरत असता, तर मी हेच पत्र वेगळं लिहिलं असतं.

पण तास हा हिशोबाचा एक भाग झाला. त्या तासात नक्की काय मिळतं, हेही बघायला हवं, आणि इथे शोरूमच्या कागदावरचे वॅट जरा उलगडून घेतले पाहिजेत. साध्या सिस्टिममध्ये ८ स्पीकर आणि १५० वॅट. बोसमध्ये १२ स्पीकर, ५७० वॅट. बर्मेस्टरमध्ये १३ स्पीकर, ८५५ वॅट. आकडे बघितले की वाटतं, प्रत्येक पायरीवर आवाज तेवढ्याच पटीने वाढत असणार. कानाचा कायदा तसा नाही. बाकी सगळं सारखं धरलं, तर वॅट दुप्पट केल्यावर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा, तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. आता साध्यावरून बोसवर गेलात तर पावणेसहा डेसिबलची वाढ, जी गाडी चालत असताना जाणवते. बोसवरून बर्मेस्टरवर गेलात तर पावणेदोन. पहिल्या पायरीला तुम्ही १ लाख ९० हजार देता, दुसरीला वरचे ४ लाख ६० हजार.

बर्मेस्टरच्या बाजूने जे आहे तेही सांगायलाच हवं. ती बर्लिनची कंपनी घरातल्या उंची ध्वनियंत्रणांसाठी नावाजलेली आहे, आणि तिची ख्याती आवाजाच्या स्वच्छतेची आहे. पुढचे तिचे रिबन ट्वीटर, म्हणजे उंच सुरांसाठीचे छोटे स्पीकर, झांजेचा, तानपुऱ्याच्या जवारीचा बारीक आवाज सुटा करून देतात. तुमच्या अंगावर काटा आला तो खोटा नव्हता. पण तो कुठे आला, ते आठवा. गाडी उभी, इंजिन बंद, एसी मंद, दारं लावलेली.

मागच्या वर्षी माझ्या एका स्नेह्यांच्या अशाच दोन दारांच्या गाडीत बसून आम्ही पर्वरीहून पत्रादेवीच्या बाजूला गेलो होतो. मला या विषयाची उत्सुकता होती, म्हणून फोनवर आवाज मोजायचं ॲप चालू ठेवलं. घराच्या पोर्चमध्ये, इंजिन सुरू असताना आकडा पन्नाशीच्या आत होता. हायवेला ८०च्या वेगाला तो ७२च्या आसपास जाऊन बसला. मागचे रुंद टायर काँक्रीटवर एकसारखी घुमत राहणारी घरघर करत होते. केसरबाईंचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं होतं. गळा ऐकू येत होता, मागचा तानपुरा टायरांच्या आवाजात बुडाला होता. स्नेह्यांनी आवाज वाढवला तर गळाच अंगावर यायला लागला, तानपुरा तरी वर आला नाही. गाडी सिग्नलला थांबली आणि तानपुरा पुन्हा कानावर पडला. महागडा ट्वीटर जे बारीक काम करतो, ते असं सिग्नलपुरतं उरतं.

तुमच्या गाण्यांबद्दलही एक गोष्ट. केसरबाई, मोगूबाई, दीनानाथ यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणांत वरचे सूर मुळातच तुटपुंजे आहेत. जे तबकडीवर चढलंच नाही ते कुठलाच स्पीकर बाहेर काढू शकत नाही. अभिषेकीबुवांची नंतरची ध्वनिमुद्रणं चांगली आहेत, पण फोनवरून ब्लूटूथने लावलीत तर आवाज दाबून पोचतो. फोन केबलने जोडा आणि गाण्याच्या ॲपमध्ये दर्जा सगळ्यात वरचा ठेवा. त्याचे पैसे पडत नाहीत आणि फरक खरोखर ऐकू येतो. शिवाय पन्नाशीनंतर वरच्या पट्टीतले आवाज आपल्या सगळ्यांच्याच कानांना कमी पोचू लागतात. माझंही तेच झालंय. त्यासाठी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, फक्त तेवढ्याच भागासाठी सर्वांत जास्त पैसे मोजू नयेत.

मग साधीच सिस्टिम का नको? कारण हा निर्णय पुढे ढकलता येत नाही. बोस आणि बर्मेस्टर दोन्हींत सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, गाडीच्या सांगाड्यातच बसवलेला असतो. अँप्लिफायर आणि वायरिंग कारखान्यातच होतं. दोन वर्षांनी मन झालं तर बाहेरून तसंच बसवून मिळत नाही. माझ्या एका म्हापशाच्या अशिलांनी नव्या सेडानमध्ये बाहेरून अँप्लिफायर बसवून घेतला. दीड महिन्यात बॅटरी रोज सकाळी उतरलेली मिळू लागली, वायर मध्येच कापून जोडलेली निघाली, आणि इलेक्ट्रिकल बिघाडाची वॉरंटी नाकारली गेली. त्यांनी मला फोटो पाठवला होता: डॅशबोर्ड उघडा, काळ्या टेपने गुंडाळलेले तीन जोड, त्यातला एक वितळलेला. दोन कोटींच्या गाडीत हा प्रयोग करू नका. बाहेरून बसवलेलं सामान विम्यातही वेगळं नोंदवावं लागतं आणि त्याचा जादा हप्ता लागतो. नोंदवलं नाही तर भरपाई नाही. म्हणून जे हवं ते आत्ताच, कारखान्यातून, बीजकात गाडीसोबत.

बीजकात आलं तरी त्याची किंमत गाडीबरोबरच उतरते. विम्याची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी धरते ती गाडीची किंमत, पहिले सहा महिने ५ टक्क्यांनी, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्क्यांनी कमी धरतात. पाचव्या वर्षी साडेसहा लाखांचे विम्याच्या कागदावर सव्वातीन उरतात. विकताना तेवढेही हातात पडतील असं धरू नका. जुनी ९११ घेणारा आधी किलोमीटर बघतो, सर्व्हिसची नोंद बघतो, अपघात झालाय का ते बघतो, रंग बघतो. साउंड सिस्टिमसाठी तो वेगळे पैसे मोजत नाही.

आता पैसे कुठून, हा तुमचा खरा प्रश्न. डेट फंडातल्या त्या पैशाला मुलीचं नाव आहे. ती बारावीला आहे, म्हणजे प्रवेशाची फी वर्षभराच्या आत दारात उभी राहील. १ एप्रिल २०२३ला किंवा त्यानंतर घेतलेले फंडाचे युनिट काढलेत तर नफ्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागेल, म्हणजे हौसेवर वर करही भरायचा. कराचं सोडा. तिने कॉलेज निवडताना "बाबा, ह्याची फी जास्त आहे" असं घुटमळत म्हणावं आणि तेव्हा तुम्हाला गाडीतला स्पीकर आठवावा, असं होऊ नये म्हणून मी हे इतकं जोर देऊन लिहितोय.

कर्जातही नको, कारण ७० लाखांवरचा हप्ता आत्ताच महिन्याला १ लाख ४५ हजारांच्या घरात आहे. पॅकेजिंगच्या धंद्यात एका मोठ्या ग्राहकाचं पेमेंट नव्वद दिवस लांबलं तर काय होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

बोसचे १ लाख ९० हजार तुमच्या कोटेशनमध्येच पडलेले आहेत. तुम्ही पाठवलेल्या यादीत रंगीत सीटबेल्ट आहेत, दाराच्या उंबऱ्यावरची उजळणारी पट्टी आहे, हेडरेस्टवर उठवलेलं चिन्ह आहे, आतली कार्बनची सजावट आहे. यातलं काहीही तुमच्या पत्राच्या मजकुरात एकदाही आलेलं नाही. गाण्याबद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलंय. जे लिहायला सुचलंच नाही ते यादीतून काढा आणि त्या पैशांत बोस घ्या. एकूण रक्कम वाढणार नाही.

कंपनीच्या नावाचं थोडक्यात. गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, पण खासगी वापराचा भाग नामंजूर होऊ शकतो, आणि प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट तुमच्या धंद्याला मिळत नाही. रविवारी घाटात जाणारी दोन दारांची गाडी पॅकेजिंगच्या कामासाठी आहे, हे कर अधिकाऱ्याला पटवण्यात तुमच्या सीएचा वेळ जाईल. स्वतःच्या नावावर घ्या. मात्र एक विसरू नका: दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता किमतीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, वरून घेतो. दोन कोटींवर ते २ लाख होतात. तो खर्च नाही, तुमच्याच नावावर भरलेला आगाऊ कर आहे. आयकर खात्याकडच्या तुमच्या जमा कराच्या नोंदीत तो दिसला की सीएना सांगून पुढच्या ॲडव्हान्स टॅक्सच्या हप्त्यातून वजा करून घ्या.

आणि गाणं? तुम्ही लिहिलंय की रोज रात्री जेवणानंतर बाल्कनीत तासभर फोनवरच ऐकता. वर्षाचे ते साडेतीनशेहून अधिक तास झाले, गाडीतल्या पन्नासच्या सातपट. दिवाळीनंतर युनिटचा हिशोब चांगला लागला तर एक लाख, सव्वा लाखात चांगला स्टिरिओ अँप्लिफायर आणि दोन स्पीकर घरात आणा. रात्री नऊला रस्ता शांत असतो, टायर नसतात, तानपुरा ऐकू येतो. तुमच्या सौभाग्यवतींनाही तो ऐकता येईल, गाडीत मागे बसायला धड जागाही नाही.

हे सगळं वाचूनही मन बर्मेस्टरकडेच ओढत असेल, तर पंधरा दिवस संपायच्या आत मुंबईला एक फेरी मारा. शोरूमने निवडलेलं गाणं नको, तुमच्या फोनमधली तीन गाणी न्या. दोन्ही सिस्टिमच्या गाड्या रस्त्यावर मागा, गाडी दुसऱ्याला चालवू द्या, ८०च्या वेगाला डोळे मिटून ऐका आणि कुठली चालू आहे ते ओळखून दाखवा. तिन्ही वेळा ओळखलंत, तर मला पुन्हा लिहा. मग वरचे ४ लाख ६० हजार कुठल्या खात्यातून काढता येतील ते आपण बसून बघू. मुलीचं खातं सोडून.