वाचकांचे प्रश्न : एकाच वाफ्याकडे पुन्हा पुन्हा

प्रश्न : मी सहावीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी आम्ही साठ मुलांना दिवसभरासाठी एका शेतावर नेले होते. मुलांना फार मजा आली. पण नंतर त्यांनी लिहिलेले अनुभव वाचले, तेव्हा माहिती सांगणाऱ्या गृहस्थांची वाक्येच साठ वेळा उतरवलेली आढळली. यंदा शाळेने वर्षातून चार फेऱ्यांची परवानगी दिली आहे. चार वेगवेगळी ठिकाणे निवडावीत का?

उत्तर : चारही फेऱ्या एकाच शेतावर, शक्य तर एकाच वाफ्यावर कराव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन. एका दिवसात मुलाला शेत दिसते, पण शेतात काही घडताना दिसत नाही. घडण्याला आठवडे लागतात आणि ते पाहायचे, तर आधी पाहिलेल्या जागी परत यावे लागते. दुसऱ्यांदा आलेले मूल कोणी न सांगता धावत जाऊन ‘माझे उगवले का’ हे पाहते. त्या धावण्यासाठीच ही सारी खटपट करायची.

फेऱ्यांच्या तारखा शाळेच्या सोयीपेक्षा पिकाच्या सोयीने ठरवाव्यात. हवा उबदार असेल, तर चवळी या कामाला फार चांगली. तिचा दाणा मोठा असतो, ती लवकर उगवते आणि मुलांच्या आडदांडपणालाही पुरून उरते. पहिली फेरी पेरणीची, दुसरी आठ-दहा दिवसांनी, तिसरी फुलोऱ्याच्या सुमारास म्हणजे साधारण सहा-सात आठवड्यांनी आणि चौथी शेंगा वाळल्यावर. पाच-सहा मुलांना मिळून एक वाफा द्यावा. मात्र त्यात प्रत्येकाची ओळ वेगळी असावी आणि शेजारी साऱ्या वर्गाचा म्हणून एक सामाईक तुकडा राखावा. ही मांडणी जुनीच आहे. ज्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले, त्याच्या कल्पनेतल्या बागेत मुलांचे स्वतःचे छोटे वाफे आणि सगळ्यांचे सामाईक वाफे असे दोन्ही होते. पुढे नाव राहिले आणि बाग बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या चित्रात गेली, ही गोष्ट वेगळी.

पेरताना सगळ्यांना एकसारखे पेरू देऊ नये. काहींनी बोटाच्या एका पेराइतक्या खोलीवर दाणा टाकावा, काहींनी दोन पेरांवर, तर काहींनी अख्खे बोट आत घालून. दुसऱ्या फेरीला कोणाचे उगवले आणि कोणाचे नाही, यावर जो वाद होतो, त्यात शिक्षकाने पडू नये. त्याच दिवशी एखादे रोप नुकते वर येत असेल, तर मुलांना गुडघे टेकून पाहायला सांगावे. चवळीचा अंकुर सरळ टोकाने माती फोडत नाही. तो मान खाली घालून, आकड्यासारखा वाकून वर येतो आणि कोवळा शेंडा मागून ओढून आणतो, त्यामुळे तो शेंडा मातीवर घासला जात नाही. उजेड मिळाला की मान सरळ होते. शेजारच्या ओळीत मका लावला असेल, तर तो मात्र सुईसारखा सरळ टोकाने वर आलेला दिसेल आणि त्याचा दाणा मातीतच राहिलेला असेल. हा फरक मुले स्वतः शोधतात. तुम्ही फक्त दोन्ही ओळी शेजारी लावण्याची व्यवस्था करायची.

तिसऱ्या फेरीला एक रोप मुळासकट हलकेच उकरून काढावे आणि पाण्याच्या बादलीत बुडवून त्याची माती सुटू द्यावी. मुळांवर लहान-लहान गाठी दिसतात. एखादी नखाने फोडली आणि ती आतून गुलाबी निघाली, तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात आणण्याचे काम करत आहेत, असे समजावे. येथे माझी एक चूक कबूल करतो. पहिल्यांदा एका वर्गाला मी रोप उपटण्याआधीच नत्राची सगळी कथा सांगून टाकली. मुलांनी ती वहीत उतरवली आणि उपटलेल्या मुळाकडे कोणी वळून पाहिले नाही. तेव्हापासून आधी मूळ हातात, मग मुलांचा प्रश्न आणि शेवटी, गरज पडलीच तर, माझे बोलणे, असा क्रम मी ठेवतो. तुमच्या साठ निबंधांचे दुखणेही बहुधा हेच असावे.

साठ मुले एका वेळी नेऊ नयेत. तीस-तीसच्या दोन तुकड्या करता आल्या नाहीत, तर निम्म्यांना वाफ्यावर आणि निम्म्यांना मातीच्या कामावर लावावे. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घेऊन वर पाणी भरावे, बरणी जोरात हलवावी आणि सपाट जागी ठेवावी. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाच्या बारीक कणांना तास-दोन तास लागतात आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. बरणी शाळेत परत न्यावी, म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांतही शेत वर्गात राहते.

प्रश्न : माझी आठ वर्षांची मुलगी मातीला हात लावत नाही. शाळेच्या शेतभेटीत तिच्या तळहातावर बळेच गांडूळ ठेवले गेले आणि तेव्हापासून ती शेताचे नाव काढू देत नाही. शिवाय माती आणि जनावरे यांतून आजार होण्याची मला स्वतःलाही भीती वाटते. तिला पुन्हा पाठवावे का?

उत्तर : पाठवावे, पण आधी शिक्षकांशी बोलून. किळस आणि भीती या गोष्टी धाकाने जात नाहीत, उलट घट्ट होतात. तिला हातात खुरपे किंवा लांब दांड्याची झारी द्यावी. हत्याराच्या अंतरावरून मातीशी ओळख होऊ शकते. गांडूळ पाहायचेच असेल, तर ते ओल्या कागदावर ठेवून भिंगातून पाहावे आणि तेही थोडा वेळच, कारण गांडूळ त्वचेवाटे श्वास घेते आणि त्वचा सुकली की ते गुदमरते. हे कळले, की पुष्कळ मुलांच्या भीतीची जागा काळजी घेते; ‘त्याला पाणी शिंपडू का’ असे तीच विचारू लागतात. तुकडे केल्यास दोन गांडुळे होतात, हा समज मात्र त्याच वेळी खोडून काढावा, नाहीतर कोणीतरी प्रयोग करून पाहतो.

तुमच्या मुलीला डार्विनची गोष्ट सांगा. १८८१ मध्ये त्याने गांडुळांवरचे आपले काम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, त्यामागे चाळीसहून अधिक वर्षांचे कुतूहल होते. त्याने कुंड्यांत गांडुळे घरात ठेवली, त्यांच्याजवळ शिट्टी आणि पियानो वाजवून पाहिला. त्यांना काही ऐकू आले नाही. तीच कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवल्यावर मात्र गांडुळे चटकन बिळात शिरली, कारण त्यांना कंपन जाणवते. मुलगी शेतात जाऊन, गांडुळाला हातही न लावता, शेजारी पाय आपटून काय होते ते पाहू शकते.

आजाराची तुमची भीती निराधार नाही, पण ती आवाक्यातली आहे. धनुर्वाताचे जिवाणू मातीत असतात, म्हणून लसीकरण वेळेवर झाले आहे का, हे पाहावे आणि हातापायावर जखम असेल, तर ती झाकून पाठवावे. जनावरांना, त्यांच्या कुंपणाला किंवा मातीला हात लावल्यानंतर साबण आणि वाहते पाणी घेऊन वीसेक सेकंद हात धुवावेत. मळलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही. गोठ्यात काही खाऊ नये, बोटे तोंडात घालू नयेत, कच्चे दूध पिऊ नये. पाच वर्षांखालील भावंडे सोबत असतील, तर त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे. मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असल्यास शिक्षकांना लेखी कळवावे. आणि शेतावर नुकतीच फवारणी झालेली नाही ना, हे विचारण्यात संकोच करू नये. तो प्रत्येक पालकाचा हक्कच आहे.

प्रश्न : माझे शेत एका शाळेला लागून आहे. मुलांसाठी एक कोपरा द्यायची माझी तयारी आहे. पण पिकाची नासधूस होईल, अशी धास्ती वाटते आणि मुलांना नेमके काय दाखवावे, हेही सुचत नाही.

उत्तर : नासधूस थोडी होईलच. निंदणीला लावलेली मुले तणासोबत पीकही उपटतात, म्हणून मुख्य पिकात त्यांना उतरवू नका. पाण्याजवळचा, आखून घेतलेला तुकडा द्या आणि तो त्यांच्याकडून बिघडू द्या. विहिरीला कठडा आहे, औषधे कुलपात आहेत आणि यंत्राची किल्ली तुमच्या खिशात आहे, एवढे मात्र आधी पाहून घ्या.

दाखवायचे वेगळे काही नको. त्या दिवशी तुम्ही जे करणार होता, तेच मुलांसमोर करा आणि ते करताना मनात काय चालले आहे, ते मोठ्याने बोला. उदाहरणार्थ, जमीन वाफशावर, म्हणजे मशागतीजोग्या ओलाव्यावर, आली आहे की नाही, हे तुम्ही मूठभर माती आवळून ठरवता. गोळा झाला आणि अंगठ्याने ढकलताच भुगा झाला, तर काम सुरू करायचे. चिकटून राहिला, तर थांबायचे. प्रत्येक मुलाला ती मूठ आवळू द्या आणि ‘आज की उद्या’ हे त्यांच्याकडून वदवून घ्या. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडलेली एखादी फांदी न फवारता राखता आली, तर त्यावर ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या मावा फस्त करताना दिसतील. पुष्कळ मोठी माणसेसुद्धा त्या अळीला कीड समजून चिरडतात. आणि एखादे पीक हातचे गेले असेल, तर तेही दाखवा, लपवू नका.

प्रश्न : शेतातल्या शिक्षणाला गुण कसे द्यावेत, असे आमच्या शाळेचे व्यवस्थापन विचारते. मुख्याध्यापक म्हणून मी काय सांगावे?

उत्तर : वाफा किती हिरवा झाला, यावर गुण देऊ नका, एवढे आधी सांगा, नाहीतर मुले रात्रीतून विकतची रोपे आणून लावतील. प्रत्येकाची एक वही असावी, तिच्यात तारीख घालून काढलेली चित्रे आणि मोजमापे असावीत. वीस दाणे पेरले आणि सतरा उगवले, तर उगवण किती टक्के, हे गणित तिथेच सुटते. पाहायचे ते इतकेच, की पहिल्या फेरीत ‘याला काय म्हणतात’ असे विचारणाऱ्या मुलाच्या वहीत चौथ्या फेरीला ‘उरलेले तीन का उगवले नाहीत’ हा प्रश्न आला आहे का, आणि आला असल्यास त्याने ती जागा उकरून पाहिली का.