१६ फुटी फायबर बोटीला आउटबोर्डचा ब्रॅकेट किती इंच मागे घ्यावा?

तुमची १६ फुटी फायबर बोट, मागच्या फळीवर बाहेरून लावायची ९० एचपीची फोर-स्ट्रोक मोटार (आउटबोर्ड), आणि प्रश्न असा की सेटबॅक ब्रॅकेट, म्हणजे मोटार त्या फळीपासून मागं धरणारी चौकट, ६ इंची घ्यावा, १० की १२. खाली तुम्ही जोडलंय, "जेवढा सेटबॅक जास्त तेवढा स्पीड जास्त, असं ऐकलंय." ते वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. याच वाक्यापायी माझा आणि माझ्या दाजींचा अकरा वर्षं वाद चालू आहे.

मी पैठणचा. लेथ आणि आर्गन वेल्डिंगचं दुकान आहे. दाजी शेवगावच्या बाजूला राहतात, मासळीचा धंदा करतात. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचं ५५ किलोमीटर लांब पाणी. लांबच्या जाळ्यांवरची कटला, रोहू पहाटे उचलून लिलावाच्या आत पोचवायची तर बोट पळाली पाहिजे. त्यांनी १५ फुटी जुनी बोट घेतली, तिला ६० एचपीची टू-स्ट्रोक मोटार, वजन शंभर किलोच्या आसपास. एकटा माणूस बसला तर मोबाइलच्या जीपीएसवर ४४ किलोमीटर दाखवायची.

दाजींना कुणीतरी सांगितलं की मोटार १२ इंच मागे घ्या, बोट उडते. मी म्हणलं, "दाजी, ६ घ्या, आणि मोटार वर उचला." ते म्हणाले, "मेव्हणे, वेल्डिंगचं तुम्हाला कळतं, पाण्याचं आम्हाला." बहिणीचा नवरा, तोंडावर किती बोलणार? १० मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम प्लेटचा १२ इंची ब्रॅकेट करून दिला, दोन्ही बाजूंना गसेट, म्हणजे तिकोनी आधारपट्ट्या, टाकून. मोटारीची उंची मात्र त्यांनी हलवू दिली नाही.

पहिल्याच दिवशी स्पीड ४१ वर आला. वाढायच्या जागी ३ किलोमीटरनं घटला. बर्फाच्या पेट्या आणि मासळी मागं ठेवली की बोटीचं नाक आभाळाकडं, आणि प्लेनिंगवर, म्हणजे पाण्यावर उचलून सपाट पळायला, यायला दुप्पट वेळ. मोकळी पळवली तर नाक सारखं वर-खाली आपटायचं. मोटार ट्रिम करून, म्हणजे तिचा कोन बदलून, खालचा भाग फळीकडं आत घेतला की आपटणं थांबे, पण स्पीड आणखी जाई.

असं का झालं ते तुमच्या कामाचं आहे. प्लेनिंगवर असलेल्या बोटीच्या तळाखालचं पाणी मागच्या फळीपाशी सुटतं आणि मागं जाता जाता वर चढतं. म्हणून मोटार त्याच उंचीवर ठेवून नुसती मागं सरकवली तर तिचा पाय, म्हणजे पंखा असलेला खालचा भाग, आणखी खोल बुडतो आणि पाण्याला जास्त अडतो. सेटबॅकची खरी कमाई उंचीत आहे. मागचं पाणी निवळलेलं असतं, वर आलेलं असतं, त्यामुळं पंख्याला चांगली पकड मिळते आणि मोटार वर उचलता येते. उचलली की पायाचा कमी भाग पाण्यात राहतो, स्पीड तिथून येतो. साधारण दर ८ ते १० इंच मागं गेलात की १ इंच वर, इथून सुरुवात करा. ज्याला मोटार उचलायची नाही त्यानं ब्रॅकेटवर पैसे घालू नयेत, हे मी स्पष्ट सांगतो.

आता वजनाचं. शंभर किलोची मोटार ३० सेंटिमीटर मागं नेणं म्हणजे ७५ किलोचा माणूस ४० सेंटिमीटर मागं सरकवून बसवणं. पंधरा फुटी बोटीत हे लगेच कळतं. आणि हा सगळा भार वरच्या दोन बोल्टांना मागं ओढतो. बोट उभी असताना काही वाटत नाही. दुपारी वारा सुटून नाथसागरावर लाटा आल्या आणि बोट एकेका लाटेवर आपटू लागली, की तोच ओढ कितीतरी पटीनं वाढतो.

नवव्या दिवशी वरचे दोन्ही बोल्ट वायसरसकट फळीत घुसले आणि मोटार मागं कलली. सेफ्टी चेन होती म्हणून ती तळाला गेली नाही. दाजींना काही झालं नाही, ही देवाची कृपा. पण त्या दिवसापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ते चार माणसांत सांगतात, "ह्यांच्या वेल्डिंगनं माझं इंजिन घालवलं होतं."

वेल्डिंग तुटली नव्हती. मी स्वतः फळी उघडली. आतलं प्लायवूड काळं पडलेलं, ओलं, बोटानं उकरून निघत होतं. आधीच्या मालकानं मागं चार भोकं पाडून तशीच सोडली होती, त्यातून वर्षानुवर्षं पाणी मुरत होतं. ब्रॅकेटचा एकही सांधा उकलला नव्हता. मग आयएस ७१० चं मरीन प्लायवूड घालून फळी नवी केली, आतून आडवी अॅल्युमिनियमची पट्टी दिली, प्रत्येक भोक इपॉक्सीनं बंद करून परत पाडलं, ६ इंची ब्रॅकेट लावला आणि मोटार एक भोक, म्हणजे पाऊण इंच, वर घेतली. स्पीड ४७. नाक आपटणं बंद. या ४७ बद्दल दाजी लग्नात बोलत नाहीत.

तेव्हा तुमच्यासाठी माझं मत: ६, फार तर ८. तुमची फोर-स्ट्रोक १६० किलोच्या घरात असणार, ती १२ इंच मागं नेली की बोट उभी असतानाच मागून खाली बसेल. ब्रॅकेट मागवण्याआधी फळीवर हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा. आवाज बोदा आला तर आधी फळी. मग तळाला सरळ पट्टी लावून कॅव्हिटेशन प्लेट, म्हणजे पंख्याच्या वरची आडवी पाती, किती वर-खाली आहे ते मोजा, आणि एकेक भोक वर जात दरवेळी जीपीएसवर स्पीड बघा. बोट दुसऱ्याला चालवू द्या, तुम्ही मागं नजर ठेवा. पूर्ण पळताना ती प्लेट पाण्याच्या पृष्ठभागाशी घासत दिसली पाहिजे.

तुमच्या बोटीचा तळ कसा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तळाला मागं मधोमध सपाट पट्टा (पॅड) असेल आणि टाकी, बॅटरी पुढं नेता येत असेल तर १० इंचही चालतील, तेवढ्यापुरतं माझं वरचं मत मागं घेतो. मोटार उचलल्यावर पाणी ओढायची भोकं पाण्याखालीच राहतात ना ते बघा, वॉटर प्रेशरचा गेज लावा, नाहीतर मोटार तापून जाम होईल. पंखा वळणावर पकड सोडू लागला तर एक भोक खाली या, किंवा कप असलेला, म्हणजे पात्यांची कड किंचित वळवलेला, पंखा घ्या. स्टिअरिंगची आणि गिअरची केबल मागं पुरते का तेही आधी मोजा. किल स्विचची, म्हणजे माणूस पडला की मोटार बंद करणाऱ्या बटणाची, दोरी चालवणाऱ्याच्या पायाला बांधल्याशिवाय यातली एकही चाचणी करू नका. आणि नाथसागरावर यायचा विचार असेल तर ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, परवानगीशिवाय मोटार पाण्यात टाकू नका.

तो १२ इंची ब्रॅकेट अजून माझ्या दुकानात खुंटीला टांगलेला आहे. पैठणला आलात तर सांधे बघून जा. दाजींनाही मी दर दिवाळीला हेच सांगतो.