वेठ कोणाची, धरतो कोण?

गुहागरच्या एका वाचकाने विचारलंय: ‘संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि ‘वेठीस’ लिहायचं की ‘वेठिस’?

चूक आहे. संप कुठलाही असो, दुसऱ्या दिवशी हे वाक्य छापून येतंच. स्टँडवर ताटकळलेला प्रवासी कुणाचं कसलं काम फुकट करतोय, सांगा बघू? वेठ म्हणजे जबरदस्तीने, मजुरी न देता करून घेतलेलं काम. वेठीस धरणं म्हणजे माणूस पकडून त्याच्या डोक्यावर ओझं देणं. नुसतं अडवून ठेवलं तर ती कोंडी, तो खोळंबा. फार तर ओलीस धरणं. आणि संपकरी तर कामालाच नाही म्हणतोय. वेठ नाकारणाऱ्यावरच वेठीस धरल्याचा आळ!

‘वेठबिगार’वर वेळ घालवत नाही. वेठ आपली, बेगार फारसी, अर्थ एकच, कागदपत्रासारखी जोडी.

खरी मजा ‘वेठ’च्या मुळात आहे. हा शब्द ‘वेष्ट’पासून, म्हणजे वेढणे-गुंडाळणे यातून आला, असं छातीठोकपणे सांगणारे विद्वान आहेत. सांगोत बापडे. ‘वेष्ट’ला मराठीत पोर झालंय, त्याचं नाव ‘वेढा’. तिथे ष्टचा ठ आणि ठचा ढ झाला. मग त्याच धातूने ‘वेठ’मध्ये ठ का राखून ठेवला, याचं उत्तर या मंडळींकडून येत नाही. मूळ शब्द संस्कृत ‘विष्टि’, म्हणजे सक्तीचं फुकट काम. मुष्टीची मूठ, पिष्टाचं पीठ, तशी विष्टीची वेठ. तेलुगूत ‘वेट्टी’ म्हणजे हीच वेठ, आणि कारवारच्या बाजारात ‘बिट्टी’ म्हणाल तर कानडी माणूस ‘फुकट’ असं समजेल. एवढ्या भाषांत एकच चीज वेढ्यातून निघाली काय?

आता पंचांग उघडा. त्यात अर्ध्या तिथीला करण म्हणतात. बव, बालव, कौलव, तैतिल, गर, वणिज आणि विष्टि ही सात चर करणं. सातवं विष्टि, म्हणजेच भद्रा. लग्न, मुंज, घरभरणी, काहीही त्यात करायचं नाही. पुराणिक सांगतील की भद्रा ही शनीची बहीण, म्हणून अशुभ. मला ते पटत नाही. विष्टीचा दिवस म्हणजे राजाच्या कामावर जायचा दिवस. स्वतःचं कार्य त्या दिवशी काढून चालणारच नाही. अशुभपणा आधी रानात आणि बांधावर आला, आकाशात मागाहून गेला. आणि तिच्या आधीचं करण कुठलं? वणिज! विकत घेणारा आणि फुकट राबवणारा शेजारी शेजारी. ज्योतिषी हसतात, हसू देत.

वेठ पाप केव्हा ठरली, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. मनुस्मृतीत कारागिरांनी महिन्याला एक दिवस राजाचं काम करावं असं सांगितलंय, तेही सहज, कराच्या ओघात. नाणं कमी असलेल्या मुलखात कर धान्याने नाही तर अंगमेहनतीनेच भरला जाणार. तिथे वेठ म्हणजे कर्तव्य. वाकाटकांची नाणी फारशी सापडत नाहीत, पण त्यांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला विष्टि माफ केल्याचं आवर्जून लिहिलेलं असतं. माफी दान म्हणून मिळते, हक्क म्हणून नाही. उलट इ. स. १५० च्या सुमारास क्षत्रप राजा रुद्रदामन गुजरातेतल्या जुनागढच्या शिलालेखात मिरवतो की सुदर्शन तलावाचा बांध आपण कर, विष्टि आणि प्रणय यांनी प्रजेला न पिडता, स्वतःच्या खजिन्यातून बांधला. (हा प्रणय प्रेमातला नव्हे, गोड नावाची खंडणी.) विष्टि म्हणजे पीडा, हे तेव्हाही कळत होतं. पण ते दगडावर कोरायची ऐपत ज्याच्याकडे चांदीची नाणी होती त्याची. दयाही रोकड्याने येते.

आता आपल्या किनाऱ्यावर या. रत्नागिरी, कुलाब्यात (आजच्या रायगड जिल्ह्यात) खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार, जमीन कसणाऱ्या कुळाकडून आठ दिवसांतला एक दिवस फुकट राबवून घेई, नांगरटीचे दिवस वेगळे. मनूचा राजा महिन्याला एकावर समाधानी होता! आणि पिढ्यान्‌पिढ्या याला रीत म्हणत होते. सावड म्हणा, पैरा म्हणा, इर्जिक म्हणा, शेजाऱ्याच्या लावणीला जाणं हीसुद्धा रीतच. पण तिथे शेजारी उलट आपल्या शेतावर येतो. खोत कधी कुळाच्या चिखलात उतरला?

रीत जाऊन अन्याय कधी आला? माझ्या मते मुंबईच्या गिरण्यांनी. १८५० च्या दशकात पहिली गिरणी निघाली, पुढे कोकणातला गडी बोटीने मुंबई गाठू लागला आणि त्याच्या दिवसाला भाव आला. जो दिवस विकता येतो तो फुकट गेला की डोळ्यात खुपतो. गणपतीला चाकरमानी गावी आला की ओटीवर त्याला बसायला चटई टाकतात; ‘वेठमानी’ असा शब्द कुणी केला नाही. १९३३ मध्ये अलिबागेजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायचंच नाकारलं आणि ते सहा वर्षं चाललं. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. कोणी म्हणेल, हे चळवळीचं श्रेय, गिरणीचं नव्हे. चळवळीचं आहेच. पण नाही म्हणून घरी बसलेल्याची चूल कशावर पेटणार, याचं उत्तर असल्याशिवाय सहा वर्षं नाही म्हणता येत नाही.

भाषेने तरी लाज राखली. ‘वेठ वारणे’ म्हणजे काम कसंबसं उरकणे. ज्याला मजुरी नाही त्याने जीव ओतून का करावं?

तर वाक्य ‘संपामुळे प्रवाशांचे हाल झाले’ असं लिहा. आणि ‘वेठीस’मधला ठी दीर्घ.