मुंबईजवळ मुलाबाळांना, वडीलधाऱ्यांना घेऊन जाण्यासारखा वाळूचा किनारा कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत ग्वाल्हेरहून मुंबईला येताय, बरोबर आठ आणि चार वर्षांची मुलं आहेत, सासूबाई आहेत, आणि समुद्र कुणीच पाहिलेला नाही. मुंबईजवळ वाळूचा, घरच्यांना सोयीचा किनारा कोणता, आणि तिथं रिसॉर्ट घ्यावं का?

मीही ग्वाल्हेरचीच, जनकगंजातली. माझं उत्तर अलिबाग, आणि त्यातही राहायला नागाव किंवा वरसोली. पण हॉटेल शोधण्याआधी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढा आणि तुम्ही जाणार त्या दिवसांच्या तिथ्या बघा. हे मी अगदी मनापासून सांगते आहे. आम्ही ते केलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी आम्ही असेच निघालो होतो. आई, मी, नवरा, थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच. मुलांनी मोठं पाणी पाहिलं होतं ते तिघरा धरणाचं, आणि आईनं चंबळ, तीही पुलावरून. नागावला एका वाडीत उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी संकष्टी. आईचा उपास. वाडीच्या काकूंकडून तिला कळलं की अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे आणि ओहोटीला तिथं चालत जाता येतं. संकष्टीला गणपतीचं दर्शन, तेही समुद्रातल्या किल्ल्यात! ती सकाळपासून तयार होऊन बसली. मुलांचं आवरणं, नाश्ता, रिक्षा, असं करत आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा साडेदहा होत आले होते. घोट्याएवढं पाणी होतं, माणसं चालत जात-येत होती. आम्हीही गेलो.

किल्ला बघण्यासारखा आहेच. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम सुरू करवलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला आंग्रे हे आडनाव नवं नाही, शिंद्यांच्या सरदारांत आंग्रे होतेच. मुलांना तटाजवळ उभं करून दगडांचे सांधे दाखवा. मोठमोठे दगड चुना न वापरता एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथंच मरतो. आपल्या डोंगरावरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी वाढलेल्या पोरांना हे फार आवडतं. आतमध्ये, चहूकडे खारं पाणी असताना, गोड्या पाण्याची सोय आहे. देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं. आई तिथं अथर्वशीर्षाची आवर्तनं करायला बसली. आम्ही तिला घाई केली नाही. किल्ल्यावरचा माणूस लोकांना बाहेर पडायला सांगत होता म्हणे, देवळात आम्हाला काही ऐकू आलं नाही.

बाहेर आलो तेव्हा पावणेबारा. ज्या वाटेनं आलो ती वाट नव्हतीच. गढूळ पाणी पसरलं होतं आणि चढत होतं. एक टांगेवाला शेवटची फेरी म्हणून थांबला होता, त्यानं आम्हाला वर घेतलं. मधल्या भागात घोडा पोटापर्यंत पाण्यात होता आणि टांग्याच्या फळ्या ओल्या झाल्या. धाकटा माझ्या गळ्याला घट्ट धरून होता. आई एक शब्द बोलली नाही. कुणाला काही झालं नाही, पण ती दहा मिनिटं मी विसरलेली नाही.

संध्याकाळी काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आज चतुर्थी ना? मग नवाला सुकती आणि तीनला भरती. तुम्ही निघालातच उशिरा." आणि त्यांनी हिशोब सांगितला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. जे येईल त्या सुमाराला भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे ओहोटी. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. चतुर्थीचे चार, पाऊणपट तीन, म्हणून तीनला भरती आणि नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास भरती, सहाच्या आसपास ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून किल्ल्यात जायच्या दिवशी टांगेवाल्यांना विचाराच किंवा भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघा. पण सहल ठरवायला हा हिशोब पुरतो. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, एवढंच त्यामागचं कारण.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चाळीस वर्षं चतुर्थी धरते मी. तिचा समुद्राशी असा संबंध आहे हे मला कधी कुणी सांगितलंच नाही." त्या रात्री चंद्र नारळांच्या वाडीमागून वर आला, कारण समुद्र तिथं पश्चिमेला आहे. तो दिसल्यावर आईनं उपास सोडला. आता आमच्या घरी ग्वाल्हेरला, जिथून समुद्र शेकडो कोस दूर आहे, चतुर्थी आली की मुलं आपणहून सांगतात, आज तिकडे तीनला भरती.

आता तुमच्या कामाचं. या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. भरतीला लाटा वर चढतात आणि वाळूची लहानशी पट्टी उरते, मुलांना खेळायला जागा राहत नाही. ओहोटीला तोच किनारा लांबलचक, सपाट आणि टणक होतो, त्यावर सासूबाईही आरामात चालतील. म्हणून चांगला किनारा कोणता, याइतकाच तो कोणत्या वेळी चांगला, हाही प्रश्न विचारावा लागतो. मुलांना पाण्यात सोडायचं तर पाणी चढतं असताना सोडावं. पाणी उतरायला लागलं की ते माणसाला आत ओढतं. तेव्हा वाळूत किल्ले करावेत, पाण्यात जाऊ नये. चार वर्षांच्या मुलाला मांडीपेक्षा खोल पाण्यात नेऊ नका, आणि त्याच्या हाताला एका मोठ्या माणसाचा हात कायम असू द्या. लक्ष ठेवायचं काम दोघांवर असलं की कुणाचंच लक्ष राहत नाही, म्हणून पाळी लावून घ्या. अंधार पडल्यावर तर पाण्यात कुणीच नको. पुनवेच्या आणि अवसेच्या सुमाराला उधाण असतं, पाणी चढतं फार आणि उतरतंही फार. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा समुद्र त्या मानानं शांत, पण किल्ल्याकडे जाताना मधलं पाणी पुरतं आटत नाही. माझ्या मते पंचमी-षष्ठी सर्वांत सोयीची. सकाळी दहाच्या आसपास ओहोटी, तेव्हा किल्ला, आणि दुपारी दोन ते चार चढतं पाणी, तेव्हा मुलांचं डुंबणं.

वाळू पांढरी नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवा. काळ्या खडकाचा मुलूख आहे, वाळूही काळपट, कपड्यांना लागते. पांढऱ्या वाळूसाठी लोक आणखी तासभर दक्षिणेला काशीदला जातात. किनारा देखणा आहे, पण लाटा जोरदार आहेत आणि तिथं माणसं बुडाल्याच्या घटना झाल्या आहेत. चार वर्षांच्या मुलाला घेऊन मी तिथं पाण्यात जाणार नाही. मुंबईतलं जुहू आणि गिरगाव संध्याकाळी भेळ खायला आणि सूर्यास्त बघायला छान, अंघोळीला नाही. उत्तरेला पालघरजवळ केळवे आहे, सुरूचं बन आणि शीतलादेवीचं देऊळ, गर्दी कमी. पण तुम्ही बोटीचा प्रवास विचारात घ्यावा असं मला वाटतं, आणि तो अलिबागलाच मिळतो.

बोटीचं असं. आपली पंजाब मेल सकाळी सीएसएमटीला सोडते. तिथून गेटवे ऑफ इंडिया टॅक्सीनं अगदी जवळ. गेटवेवरून मांडव्याला लाँच आणि कॅटामरान जातात, साधारण तास लागतो, आणि बहुतेक कंपन्यांच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस असते. मुलं सीगल पक्ष्यांच्या मागे वेडी होतात. मात्र गेटवेच्या पायऱ्या ओल्या आणि बोट हलती, सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर चढताना त्रास होतो. त्यांच्यासाठी भाऊच्या धक्क्याजवळून सुटणारी रो-रो बरी. ती मोठी, आत शिरायला रुंद उतार, बसायला नीट खुर्च्या, गाडीसकट जाता येतं. गाडी नसेल तर मांडव्याहून रिक्षाचं आधी ठरवून ठेवा. पावसाळ्यात गेटवेच्या लहान बोटी बंद असतात आणि समुद्रही पोहण्याचा राहत नाही, तेव्हा जूनच्या सुट्टीत हा बेत करू नका.

रिसॉर्टबद्दल. पोहण्याचा तलाव, मुलांचं खेळणं, खोलीत गारवा, ही सोय रिसॉर्टमध्ये मिळते. पण आमच्या मुलांनी पहिल्या दिवशी एका रिसॉर्टच्या तलावात तीन तास काढले आणि समुद्र तसाच राहिला, म्हणून आम्ही वाडीत हललो. नागावच्या वाड्या म्हणजे नारळी-पोफळीतून पायवाट, पलीकडे सुरूची झाडं, आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. खोल्या साध्या असतात. आरक्षणाच्या वेळी तीन गोष्टी विचारा: तळमजल्यावर खोली आहे का, कमोड आहे का, आणि वाळूपर्यंत चालत किती वेळ. "बीचजवळ" लिहिलेलं ठिकाण कधीकधी रस्त्यापलीकडे बरंच आत असतं. जेवणाचं सकाळीच सांगावं लागतं. शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मागा, आणि सोलकढी. परतताना अलिबागचा पांढरा कांदा दिसला तर एक माळ घ्या. तो गोडसर असतो, आमच्या घरी तो कच्चाच संपला.

वाटेत एक गोष्ट चुकवू नका. अलिबाग आणि नागाव यांच्या मध्ये अक्षी गाव आहे. तिथं शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. आपण ग्वाल्हेरला पिढ्यान्पिढ्या मराठी जपतो, घरात बोलतो, बाहेर हिंदी. त्या दगडापुढे थोरलीला उभी केली आणि सांगितलं, ही आपलीच भाषा, हजार वर्षांपूर्वीची. तिनं अक्षरांवरून बोट न लावता, हवेतच बोट फिरवलं. माझ्यासाठी ती सहल तिथंच वसूल झाली.

तुमच्या तारखांचं मी असं करीन. भाऊबीज म्हणजे द्वितीया, ती ग्वाल्हेरलाच साजरी करा. तृतीयेला पंजाब मेल. चतुर्थीला सकाळी मुंबई, बोट, आणि दुपारपर्यंत नागाव. त्या दिवशी तीनच्या सुमाराला भरती, नंतर पाणी उतरतं असणार, म्हणून संध्याकाळी फक्त वाळू आणि सूर्यास्त, पाण्यात पाय बुडवण्यापलीकडे काही नको. पंचमीला सकाळी नऊला अलिबागच्या किनाऱ्यावर हजर राहा, टांगेवाल्याला परतीची शेवटची वेळ विचारून घ्या, आणि किल्ल्यातून अकराच्या आत बाहेर पडा. सासूबाई देवळात बसल्या तर जवळ घड्याळ असलेलं कुणीतरी ठेवा.