आजोबांच्या गोठ्याच्या जुन्या वह्या नि रोजनिशा सापडल्यात. ठेवू की कुणाला देऊन टाकू?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीकडच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या गोठ्याच्या हिशेबवह्या नि रोजनिशा मिळाल्या, बऱ्याचशा मोडीत आहेत, आणि घरची मंडळी म्हणतात, "शेणाचा हिशेब कशाला जपायचा?" ते वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

आधी कामाचं. लॅमिनेशन करू नका. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही, एकदा प्लास्टिकात भाजलेला कागद परत सुटत नाही. चिकटपट्टीही नको. पावसाळा पूर्ण ओसरला की उघडा, सावलीत वारा लागू द्या, धुतलेल्या सुती कापडात बांधा आणि भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवा. प्रत्येक पानाचा फोटो खिडकीच्या उजेडात घ्या, फ्लॅश नको. कोरी पानं आणि पुठ्ठ्याची आतली बाजूसुद्धा सोडू नका. आमच्या आजोबांनी उधारीची सगळ्यात नाजूक नावं पुठ्ठ्याच्या आतच लिहिली होती.

आता शेणाचा हिशेब.

आमचं घरही गोव्यातच, सत्तरीत, वाळपईपासून आत. म्हशी आणि गावठी पांढऱ्या गाई. त्याच गाईंना आता 'श्वेत कपिला' म्हणून जातीची नोंद मिळाली आहे, तेव्हा त्यांना कुणी विचारत नव्हतं. दर दिवाळीला गोरवांच्या पाडव्याला गुरांना माळा घातल्या की त्याच दिवशी नवी वही उघडायची. शिवाय रोजनिशी वेगळी, तीही आजोबांच्याच हातची. ते गेल्यावर गोठा माझ्या बाबांनी सांभाळला, शेवटची म्हैस विकेपर्यंत. आणि आयुष्यभर एक वाक्य ऐकलं: "म्हशींनी घर बुडवलं." बोलणारे आमचे थोरले काका. लग्नाकार्यात, चतुर्थीला, पानावर बसलेले असताना, पाहुण्यांदेखत. बाबा गप्प जेवत राहायचे. त्यांना उत्तर देता येत नव्हतं, कारण वह्या काकांच्या घरी ट्रंकेत होत्या आणि मोडी दोघांनाही धड वाचता येत नव्हती.

काका वारल्यावर काकूंनी ट्रंक माझ्याकडे पाठवली, "तुझ्या बापाचा कचरा घेऊन जा" अशा निरोपासकट. मग मी मोडी शिकले. देवनागरी येणाऱ्याला ती अवघड नाही, हात बसायला वेळ लागतो एवढंच. आधी रेघ मारून तिच्याखाली न थांबता लिहीत जायचं, शब्द जोडलेले, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. खरी गोची आकड्यांत आहे. माझ्या भाच्याने हौसेने एक वही संगणकावर उतरवून दिली, तर एका रेड्याची किंमत दोन हजार एकशे अकरा! वहीत होतं २॥।, म्हणजे पावणेतीन. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. हे ज्याला ठाऊक नाही त्याला बेरजेला बसवू नका.

दुसरी गोची नाण्यांची. आमच्याकडच्या जुन्या वह्यांत रुपये, टांगा, रेस असे रकाने आहेत. सोळा टांगांचा रुपया आणि ६० रेसांचा टांगा, म्हणजे रुपयाला ९६० रेस. १९५८-५९ मध्ये पोर्तुगिजांनी एस्कुदो हे नवं चलन आणलं, रुपयाला सहा. १९६१ च्या गोवामुक्तीनंतर आपले रुपये-पैसे. त्यामुळे १९५९ च्या वहीत उत्पन्न एकदम सहापट झाल्यासारखं दिसतं आणि नंतर कोसळतं. काका हेच कोसळणं बोटाने दाखवायचे, वाचता येत नसूनही. पुढच्याच पानावर पेंडीचा दरही तसाच कोसळलेला आहे, ते त्यांनी पाहिलं नाही.

मी सगळ्या वह्या खातेवार मांडल्या. गोठा खाते, तूप खाते, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) खाते आणि एक जाडजूड कज्जे खाते. कुळागराच्या मेरेवरून, म्हणजे हद्दीवरून, भाऊबंदांशी चाललेला दावा. मुद्रांक, वकील, साक्षीदारांची जेवणं, पणजीला जायचा खर्च, पुन्हा मुद्रांक. कर्ज तिथे झालं. गोठ्याने दरवर्षी थोडं का होईना वर काढलेलं दिसतं, अपवाद १९५५ नंतर भारताने गोव्याच्या केलेल्या नाकेबंदीच्या काळाचा. घाटावरून पेंड येईना, भाताच्या कोंड्यावर गुरं काढली, दूध आटलं.

आणि तूप खात्यात १९५३ च्या सुमाराची एक ओळ आहे. साखळीच्या बाजारात तुपाचे डबे दिल्याची जमा, आणि तिच्या खाली: "पैकी चि. थोरल्यास बेळगावी शिक्षणास रवाना." पुढे दर दोन-तीन महिन्यांनी तीच ओळ, चार वर्षं. पानाच्या कोपऱ्यात तुपकट अंगठा उमटलाय, तिथे कागद आरपार दिसतो. ज्या म्हशींनी घर बुडवलं म्हणे, त्यांच्या तुपावर काका शिकले. बाबा चौथीनंतर शाळेत गेलेच नाहीत, गोठ्यात माणूस हवा होता म्हणून.

शेणाचं राहिलं. आजोबा खताच्या पाट्या लिहायचे: अमुक पाट्या कुळागरास, तमुक वायंगणास (रब्बी भातशेतीस). किंमत लावलेली नाही. पण सुपारी नि नारळ कुळागर खात्यात जमा व्हायचे. म्हणजे माडाला घातलेलं शेण फुकट आणि माडाचा नारळ कमाई! या हिशेबाने कुठलाही गोठा तोट्यातच दिसणार. तुमच्या घरच्यांना हे जरूर वाचून दाखवा.

रोजनिशीचं म्हणाल तर पैशाच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका. रोजनिशीत माणूस स्वतःला चांगला दाखवतो. आमच्याकडे एका वर्षी रोजनिशीत "बांडी गाय देवाघरी गेली, मन लागत नाही" आणि वहीत त्याच आठवड्यात बांडीचे पैसे जमा! मात्र बाकीच्या गोष्टींना रोजनिशीच हवी. बुळकांड्या, गुरांचा साथीचा रोग, आला तेव्हा कुणाच्या गोठ्यातून कुठे गेला, कोणाचं जनावर कुठे पुरलं, सगळं तारीखवार आहे. तो रोग २०११ साली जगातूनच संपल्याचं जाहीर झालं, आजच्या तरुण गुरांच्या डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात पाहिलाय. शिवाय वाघ. "चंद्रीस वाघाने नेले" हे आमच्या रोजनिशीत पुनःपुन्हा येतं. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले, तेव्हा वाघ मुळात पलीकडून, कर्नाटकातून येतात, इथले नव्हेतच, असं छातीठोक सांगणारे भेटले. त्यांना मी ती पानं दाखवली. पटली नाहीत, ते असो.

थोडं माझ्याविरुद्ध जाणारंही सांगते, नाहीतर चुलतभाऊ इथे येऊन सांगेल. घरात प्यायलेलं दूध-ताक वहीत नाही. आजीने पहाटे उठून केलेली धार, घुसळण, शेणगोठा, याची एका रेसाची नोंद नाही. राखण्याला (गुराख्याला) भात दिलं ते कधी लिहिलंय, कधी नाही. अर्धेलीने, म्हणजे निम्म्या वाट्यावर, लोकांकडे पोसायला दिलेली गुरं काही वह्यांत मोजलीत, काहींत गाळलीत. आजीची मजुरी धरली तर नफा किती उरतो, हा प्रश्न चुलतभावाने विचारला आणि तो रास्त आहे. पण मग कज्ज्यात घालवलेले आजोबांचे दिवसही धरायला हवेत, त्यावर तो काही बोलला नाही.

राहता राहिलं देऊन टाकायचं. पणजीचं पुराभिलेख खातं १५९५ पासूनचं आहे. तिथे जाऊन मोडी जाणणाऱ्या माणसाला दोन-चार पानं दाखवा आणि खाजगी कागद घेतात का, कोणत्या अटींवर, ते समोरासमोर विचारा. मी मूळ वह्या दिलेल्या नाहीत, आमच्या खऱ्याखुऱ्या पंचाईती अजून मिटायच्या आहेत. तेच तुम्हालाही लागू. वह्यांत कुळांची नावं आणि खंड भरल्याच्या नोंदी असतील, तर १९६४ च्या कूळ कायद्याखालच्या एखाद्या दाव्यात ते पान पुरावा ठरू शकतं. म्हणून "एक दिवसासाठी दे, झेरॉक्स काढून आणतो" म्हणणाऱ्या नातेवाइकाला वही द्यायची नाही. झेरॉक्स तुम्ही काढून द्या. आमची एक वही अशीच गेली. ती घेऊन जाणारा आजही म्हणतो, मी परत दिली होती.